बाहीवरची काळी पट्टी

नोरीन टॅकेट जुनी बेसबॉल कार्डं पाण्यात भिजवते, हे ऐकून नवखा माणूस आधी दचकायचाच. साठ वर्षांपूर्वीचा पुठ्ठा, त्यावर कुणा खेळाडूचा रंगीत फोटो, आणि ही बाई तो खुशाल पाण्याच्या ताटलीत सोडते! पण ओहायो नदीच्या दोन्ही काठांवर ज्यांच्या घरी वडिलांचे, काकांचे अल्बम पडून होते, ती माणसं शेवटी व्हीलिंगला तिच्याच दुकानाची पायरी चढायची. त्या काळच्या पोरांनी कार्डं वहीत खळीनं चिकटवलेली. ओढून काढली की पाठ सोलून निघते. नोरीन ती शुद्ध पाण्यात सोडायची, खळ आपणहून सुटेपर्यंत थांबायची आणि मग टिपकागदांच्या मध्ये घालून वर जाडजूड पुस्तकं ठेवून द्यायची. कार्डं ज्या च्युइंगगमच्या पुड्यात यायची त्याच्या वेष्टनाचं मेण लागलेलं असलं तर नायलॉनच्या जुन्या मोज्यानं हलक्या हातानं पुसायची. त्यापुढे नाही.

"कार्डावर बाहेरून आलेलं मी काढीन," ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची. "कार्डाचं स्वतःचं जे असेल त्याला हात लावणार नाही. आणि माझं काही त्यात घालणार नाही."

म्हणजे झिजलेल्या कडा पात्यानं कापून धारदार करणं नाही, उडालेल्या रंगावर रंग लावणं नाही, घडी पडली असेल तर ती दाबून नाहीशी करणं नाही. जे केलं असेल ते एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी कार्डाच्या पाकिटात मागे सरकवायची. यावरूनही कुरकुर होतीच. काही कडवे संग्राहक म्हणायचे, पाणी लागलं की कार्ड बाटलं. नोरीन हसून म्हणायची, "बाटू दे, पण सांगून बाटू दे."

दुकानाच्या पुढच्या खिडकीपाशी, ऊन येतं त्या खुर्चीत, तिचे वडील बसायचे. वेंडेल टॅकेट. वय चौऱ्याऐंशी, उंची अजूनही दारात वाकायला लावणारी. तरुणपणी हे गृहस्थ बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, होते, पण एकच हंगाम. उन्हाळा संपता संपता खांदा गेला तो गेलाच. मग बेकर्स फोर्क या आपल्या खाणीच्या गावी परत येऊन त्यांनी शाळेची बस चालवली, निवृत्त झाल्यावर मुलीकडे राहायला आले. खेळाडू म्हणून त्यांचं नाव कुणाच्या ध्यानात राहायचं कारणच नव्हतं. पण त्यांच्या कार्डाची गोष्ट वेगळी होती. ते छापलं गेलं त्या वर्षीच्या शेवटच्या खेपेत. तोवर शाळा सुरू झालेल्या, पोरं फुटबॉलकडे वळलेली, दुकानदारांनी न फोडलेली खोकी परत पाठवून दिलेली. म्हणून त्या संचातली थोर थोर मंडळी ढिगानं मिळायची आणि वेंडेल टॅकेट कुठेच सापडायचे नाहीत.

"खेळलो तेव्हा कुणी बघायला आलं नाही," ते खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे, "आणि आता पुठ्ठ्यासाठी मारामारी! मी पुठ्ठा म्हणूनच जन्मायला हवं होतं."

एप्रिलमध्ये मेरिट वॉन दुकानात आला. पिट्सबर्गकडचा मोठा व्यापारी, लिलाव भरवणारा. गोड बोलायचा आणि बूट इतके चकचकीत ठेवायचा की नोरीनचे वडील त्याला पाठीमागे 'आरसेवाले' म्हणत.

"मिस्टर टॅकेट, बसा बसा, उठू नका," तो म्हणाला. "तुमचं एक कार्ड आलंय माझ्याकडे. असं की ग्रेडिंगवाल्यांनी आजवर तुमच्या कुठल्याच कार्डाला एवढी वरची श्रेणी दिली नव्हती. मेमध्ये व्हीलिंगच्या प्रदर्शनात विकायला काढतोय. पडदा तुम्ही उघडायचा. स्टेजवर. मानाचे पाहुणे."

वेंडेल मुलीकडे वळून म्हणाले, "नोरी, माझा निळा कोट अजून आहे का गं?"

"आहे, डॅडी. तुझं पोट त्यात मावतंय का ते बघायला लागेल."

कोट सैल करून आणला. केस कापून झाले. बेकर्स फोर्कला फोन गेले. जुन्या चर्चमधली माणसं गाडी करून येणार म्हणाली. महिनाभर म्हातारा खुर्चीत ताठ बसायला लागला. नोरीन ते बघायची आणि तिला भरून यायचं. ह्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं शाळेत सोडली, कधी स्वतःहून म्हटलं नाही की मी एकेकाळी मोठ्या मैदानावर उभा होतो.

प्रदर्शनाच्या दिवशी दोघं लवकर पोचले. हॉलमध्ये टेबलं मांडणं चाललं होतं; एका टेबलावर नोरीननंही आपलं सामान मांडून ठेवलं. वेंडेलना दारातच ओळखीच्या लोकांनी गाठलं, कॉफी आणि मसालेदार मांस भरलेला गरम पावाचा पेपरोनी रोल हातात दिला. नोरीन एकटीच स्टेजपर्यंत गेली. मागे त्या कार्डाचं चित्र माणसापेक्षा उंच करून टांगलं होतं. फ्लोरिडातलं सरावाचं मैदान, पांढरा फ्लॅनेलचा गणवेश, तेविशीतले डॅडी, जरा तिरके उभे.

तिनं चित्राकडे डोळे भरून पाहिलं. आणि मग तिचा हात आपोआप तोंडावर गेला.

डावी बाही पांढरीशुभ्र होती.

त्या बाहीवर एक काळी पट्टी असायला हवी होती. कार्डावर ती तांदळाच्या दाण्याएवढीच दिसायची, तीही अर्धी, कापडाच्या चुणीत शिरलेली. संग्राहक तिला सावली समजायचे. टॅकेटांच्या घरात मात्र ती काय आहे हे नोरीन लहानपणापासून ऐकत आली होती. वेंडेलचा थोरला भाऊ हायरम त्या वर्षी फेब्रुवारीत खाणीत स्फोट होऊन गेला. मातीला जाऊन आल्या आल्या वेंडेलना फ्लोरिडाला निघावं लागलं. निघताना आईनं आपल्या रविवारच्या कोटाच्या काळ्या अस्तराची पट्टी फाडली आणि त्यांच्या बॅगेतल्या गणवेशाच्या बाहीला टाचली. संघाचा मॅनेजर म्हणाला, काढ. वेंडेल म्हणाले, नाही. छायाचित्रकार वैतागून म्हणाला, मग निदान तिरका उभा राहा. म्हणून त्या कार्डावर डॅडी तिरके उभे आहेत.

नोरीन तडक वॉनच्या टेबलाशी गेली. "कार्ड दाखव."

त्यानं हसत ग्रेडिंगवाल्यांनी पारखून सीलबंद केलेली प्लॅस्टिकची पेटी पुढे केली. नोरीननं खिशातलं भिंग काढलं. उजव्या खांद्याच्या वर आकाशात छपाईचा एक निळा ठिपका होता, माशी बसल्यासारखा. तो ठिपका तिला ओळखीचा होता. हिवाळ्यात ऑगस्टा प्रुइट नावाची बाई आपल्या दिवंगत भावाचा अल्बम घेऊन आली होती. त्यातून हेच कार्ड नोरीननं पाण्यात सोडवून काढलं होतं. तेव्हा डाव्या बाहीवरून एक घडी गेली होती. घडीच्या शेजारी ती पट्टी होती. नोरीननं दोन्हींना हात लावला नव्हता, आणि चिठ्ठीवर तसं लिहिलं होतं. नंतर बाईंनी अख्खा अल्बम वॉनला विकला, एवढं तिच्या कानावर आलं होतं.

"घडी कुठे गेली, मेरिट?"

वॉनचं हसू तसंच राहिलं, फक्त आवाज खाली आला. "इकडे ये, मागे."

स्टेजच्या मागे, खुर्च्यांच्या थप्पीपाशी, तो म्हणाला, "एका माणसाकडे दिलं होतं. घडी दाबली, बाहीवर थोडा रंग फिरवला. तिथे घडीची काळपट सावली पडली होती, ती गेली. कुणाला कळलंय? ग्रेडिंगवाल्यांनाही नाही."

"ती सावली नव्हती."

"जे काय असेल ते. हे बघ, तू पाण्यात बुडवतेस ते चालतं आणि माझ्या माणसानं थेंबभर रंग लावला की लगेच पाप?"

"मी जे काढलं ती अल्बमची खळ होती. कार्डाचं काही गेलं नाही. आणि मी ते लिहून दिलं होतं. माझी चिठ्ठी कुठंय?"

"चिठ्ठी घेऊन ग्रेडिंगला कोण जातं, नोरीन?" त्यानं घड्याळाकडे पाहिलं. "बोल, जाऊन बोल. लोक पहिला प्रश्न काय विचारतील? हे कार्ड आधी कुणाच्या ताटलीत होतं? तुझ्या. रंग कुणी लावला म्हणून बोट कुणाकडे जाईल? आणि तिकडे बघ. तुझ्या बापाचा दिवस आहे. नासवायचाय का?"

नोरीननं तिकडे पाहिलं. बेकर्स फोर्कची मंडळी पोचली होती. डॅडी त्यांच्यामध्ये निळ्या कोटात उभे होते, पेपरोनी रोलचे कण छातीवर सांडलेले, आणि इतके खूश की तिला क्षणभर वाटलं, राहू दे. आज राहू दे. मोतीबिंदूमुळे त्यांना चित्रातलं बारीक काही दिसणारही नाही. पडदा उघडतील, टाळ्या वाजतील, घरी जाऊ.

पण मग उद्या? उद्या हे कार्ड सगळ्यांत चांगलं म्हणून छापून येणार, आणि लोक म्हणणार, वेंडेल टॅकेट असा दिसायचा. बाकीच्या फाटक्या-मळक्या कार्डांवर ती पट्टी असली तरी ते म्हणणार, डाग आहे.

ती वडिलांपाशी गेली, दंडाला धरून बाजूला घेतलं. "डॅडी, चल जरा. काहीतरी दाखवायचंय."

"स्टेजची वेळ झाली?"

"नाही. आधी हे."

तिनं त्यांना त्या मोठ्या चित्राच्या अगदी जवळ नेलं आणि सगळं सांगितलं, काही न झाकता. वेंडेलनी चष्मा कपाळावर सरकवला आणि चित्राच्या बाहीवर हाताचा तळवा फिरवला, कापड तपासावं तसा. बराच वेळ.

"हायरमला पुसलं," ते म्हणाले.

"हो."

"मॅनेजरला जमलं नाही ते यांनी केलं."

नोरीननं त्यांचा हात धरला. "डॅडी, तू म्हणशील तसं. तू म्हणालास घरी जाऊ, तर घरी जाऊ."

"घरी कशाला?" म्हाताऱ्यानं चष्मा खाली घेतला. "केस कापलेत मी. माझा कोट झटक, रोल सांडलाय सगळा."

स्टेजवर वॉनचा माणूस माइकवर ओरडून त्यांचं कौतुक करत होता. वेंडेल चढले, नोरीन मागोमाग. वॉनला वाटलं असावं की मुलगी बापाला हात द्यायला आली आहे. लाल पडद्याची दोरी वेंडेलच्या हातात दिली गेली. त्यांनी ती ओढली, पेटीतलं कार्ड दिव्याखाली चमकलं आणि टाळ्या झाल्या. टाळ्या थांबेपर्यंत ते थांबले.

"तुम्ही एवढे लोक आलात, बरं वाटलं," ते म्हणाले. "माणूस चांगला दिसतोय. देखणा आहे. पण हा मी नव्हे."

लोक हसले. त्यांना तो विनोद वाटला.

"खरंच नव्हे. त्या वसंतात माझ्या बाहीवर काळी पट्टी होती. माझा भाऊ हायरम खाणीत गेला, त्याच्याबरोबर आमच्या गावचे आणखी बारा जण गेले. ती पट्टी माझ्या आईनं टाचली. मला लीगमध्ये कुणी विचारत नव्हतं, मी साधा नवा पोरगा. तरी मी ती काढली नाही. मॅनेजर म्हणाला परत पाठवीन, म्हटलं पाठवा. माझ्या हातून एकही सामना लक्षात राहण्यासारखा झाला नाही, पण हे एक मी केलं. इथे तुम्ही बघताय त्या बाहीवर रंग मारलाय. का, तर कार्ड स्वच्छ दिसावं म्हणून."

हॉलमध्ये कुजबुज उठली. वॉन माइककडे सरकला, पण नोरीन आधी पोचली.

"हे कार्ड अल्बममधून मी सोडवलं," ती म्हणाली. "माझ्या दुकानात, माझ्या पाण्यात. तेव्हा बाहीवर घडी होती आणि पट्टी होती. दोन्हींना मी शिवले नाही. आता कुणाला माझ्याकडे बोट दाखवायचं असेल तर दाखवा, मी इथेच उभी आहे. पण माझ्याकडून कार्ड गेल्यानंतर घडी गेली आणि रंग आला, हे मी माझ्या नावानं सांगते."

पहिल्या रांगेतून ओटिस ब्रॅनम उठला. जाडजूड माणूस, चाळीस वर्षं कार्डं गोळा करणारा आणि नोरीनच्या पाण्याला सगळ्यांत जास्त शिव्या देणारा. "मेरिट!" तो ओरडला. "खरं की खोटं?"

वॉन ओटिसकडे न बघता आपल्या चकचकीत बुटांकडे बघायला लागला. त्यातच सगळ्यांना उत्तर मिळालं.

"पेटी फोड मग," ओटिस म्हणाला. "तशी श्रेणी आता कोण धरतंय?"

मागून बेकर्स फोर्कवाले उठून उभे राहिले. कुणी आरडाओरडा केला नाही. नुसते उभे राहिले, टोप्या हातात घेऊन. वॉन त्यांच्याकडे बघत राहिला. त्याच्या मनात काय आलं ते त्याचं त्याला ठाऊक, पण त्यानं पेटी उचलली आणि नोरीनपुढे धरली.

"रंग निघेल?" त्यानं हळूच विचारलं.

"कोणता लावलाय त्यावर आहे. पाण्याचा असला तर निघेल. मालक तू आहेस. तू म्हण."

"काढ."

तिच्या टेबलाभोवती इतकी गर्दी झाली की ओटिसला हात पसरून लोकांना मागे रेटावं लागलं. पेटीची कड पकडीनं तडकवून तिनं कार्ड बाहेर घेतलं. सुईएवढ्या काडीला कापूस गुंडाळला, पाण्यात बुडवला, टिपकागदावर जवळजवळ कोरडा केला आणि बाहीच्या टोकाला नुसता टेकवला. उचलला तेव्हा कापसावर खडूसारखा पांढरा ठसा होता. नवीन कापूस. पुन्हा टेकवला. घासणं नाही, ओढणं नाही. आधी घडीची रेघ वर आली, पांढरी, केसासारखी. मग तिच्या शेजारी राखाडी काहीतरी. मग काळं.

ओटिस ब्रॅनम भिंग लावून वाकला. "ही पट्टी माझ्याकडच्या कार्डावरपण आहे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आजवर मी तिला शाईचा डाग म्हणत आलो. देवाशप्पथ, खोडायचा विचार केला होता मी."

"खोडला नाहीस ना?" वेंडेल म्हणाले.

"नाही."

"मग ठीक आहे."

नोरीननं कार्ड वडिलांच्या हातात दिलं आणि भिंग त्यांच्या डोळ्यापुढे धरलं. त्यांना मोतीबिंदूतून किती दिसलं कुणास ठाऊक. त्यांनी अंगठा कार्डाच्या कडेला ठेवला, पट्टीला न लावता.

"घडी तेवढी राहिली, मिस्टर टॅकेट," गर्दीतून कुणी म्हणालं.

"राहू दे. माझ्या अंगावर काय कमी घड्या आहेत?"

तेव्हा कुठे लोक मोकळे हसले. आणि हसता हसता बेकर्स फोर्ककडून टाळी सुरू झाली, ती हॉलभर पसरली. पडदा उघडताना झाली होती तिच्यापेक्षा ही लांब चालली. नोरीन कापसाच्या काड्या गोळा करत होती; तिला मान वर करायचं धाडस होत नव्हतं, कारण डोळे भरून आले होते आणि टेबलावर थेंब पडला असता तर ओटिसनं त्याचीही चिठ्ठी मागितली असती.

त्या दिवशी लिलाव झाला नाही. पुढे वॉननं ते कार्ड बेकर्स फोर्कच्या खाण कामगार संघटनेला दिलं. काय घेतलं, काही घेतलं की नाही, ते दोन्ही बाजूंनी कधी सांगितलं नाही. संघटनेच्या हॉलमध्ये तेरा नावांच्या पाटीखाली ते काचेत लावलंय, पाठीमागे नोरीनच्या अक्षरातली नवी चिठ्ठी: खळ कुणी काढली, घडी कुणी दाबली, रंग कुणी लावला आणि कुणी उतरवला. वॉनचं नाव त्यात आहे. त्याला ते दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "असू दे," आणि सही केली.

नोरीनची काही गिऱ्हाइकं तुटली. ज्यांना गुपचूप काम हवं असायचं त्यांनी दुसरे हात शोधले. ओटिस अजून म्हणतो की पाणी ते पाणीच, आणि दर महिन्याला येऊन तासभर भांडून जातो, पण आता येताना वेंडेलसाठी मक्याचा पाव आणि घेवड्याची उसळ घेऊन येतो.

आणि म्हातारा? त्याच्या खुर्चीपाशी आता लांबलांबून माणसं येतात. परवा केंटकीहून एक धिप्पाड गृहस्थ कार्ड घेऊन आले, सही हवी म्हणून.

"सही नंतर," वेंडेल म्हणाले. "आधी पट्टी शोधा."

गृहस्थांनी कार्ड डोळ्याशी नेलं, लांब धरलं, फिरवलं. "कुठे?"

"अहो, डावी बाही! माझी डावी, तुमची नव्हे."

"हां... ही बारीक? हे काय आहे?"

"बसा," वेंडेल म्हणाले आणि समोरची खुर्ची पायानं पुढे ढकलली. "माझा थोरला भाऊ होता, हायरम. माझ्यापेक्षा जोरात चेंडू टाकायचा तो. खरं म्हणजे लीगमध्ये त्यानंच जायचं, पण घरात पहिला पगार कुणीतरी आणायला हवा होता..."

आत मोरीपाशी नोरीन ताटलीत ताजं पाणी ओतत होती. ही गोष्ट तिनं कितीतरी वेळा ऐकली होती. तरी तिनं नळ बंद केला, म्हणजे नीट ऐकू येईल.